दोन विभागांच्या मधलं काम नेमकं कोणाच्या खात्यावर?

मधली_पायरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, तेही स्वार्थापोटी.

आमच्या विद्यापीठाने पाच जणांची समिती नेमली आहे. आंतरविद्याशाखीय संशोधनाला बळ कसं द्यायचं याचा आराखडा तीन महिन्यांत द्यायचा आहे. (हा शब्द धाग्यात शंभरदा येणार, म्हणून यापुढे नुसतं 'आंवि' लिहिते.) निधी थोडा आहे आणि एकदाच मिळणार आहे. वरून आलेलं पत्र वाचलं तर उत्तर आधीच ठरलंय असं वाटतं. एक केंद्र काढा, संचालक नेमा, दारावर पाटी लावा, उद्घाटनाला परिषद घ्या.

माझं मन त्याला घेत नाही. असे तीन प्रयोग मी जवळून पाहिले. तिन्ही बंद पडले. माणसांचं पटलं नाही म्हणून नव्हे, माणसांचं तर छान जमलं होतं. त्यातला एक माझाच. मी भौतिकशास्त्राची, माझी मैत्रीण भाषाविज्ञानाची. दोघींनी मिळून 'ध्वनी' या विषयावर एक अभ्यासक्रम चालवला. लहरी, वर्णपट, फॉरिए (गुंतागुंतीची लहर साध्या लहरींत उलगडण्याचं गणित) हे माझ्याकडे. स्वर-व्यंजनं, उच्चारणाची स्थानं तिच्याकडे. दोघी प्रत्येक तासाला वर्गात हजर, कारण खरी मजा एकमेकींना मध्येच अडवण्यात होती. कार्यभाराच्या तक्त्यात मात्र दोघींच्या नावावर अर्धे अर्धे तास. दुसऱ्या वर्षी तिच्या विभागप्रमुखांनी सांगितलं, "तुमचे तास कमी भरताहेत, आणखी एक पेपर घ्या." झालं. ते गृहस्थ वाईट नव्हते, त्यांच्यासमोर तक्ताच तसा होता.

तर प्रश्न असा. भिंती पाडण्याच्या गप्पा बाजूला ठेवू. विभाग राहणारच आहेत असं धरून सर्वांत आधी काय बदलून मागावं? अनुभव लिहा. संस्थांची नावं नकोत, उगाच कोणाला त्रास व्हायला नको.

अर्धविराम

वाचतोय. आमच्या केंद्राची पाटी अजून आहे. आत जुन्या उत्तरपत्रिका ठेवल्यात.

खतावणी

ताई, मी शिकवत नाही. विद्यापीठाच्या वित्त विभागात आहे, त्यामुळे तुमची भांडणं माझ्या टेबलावर येतात तेव्हा त्यांचे आकडे झालेले असतात. तिथून जे दिसतं ते लिहितो.

संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव आमच्या प्रणालीत भरला जातो, तेव्हा 'विभाग' असा एकच रकाना असतो. एकच. मुख्य संशोधक ज्या विभागाचा, तो विभाग. मग पुढचं सगळं त्या रकान्याच्या मागे चालत जातं. प्रकल्पाचा ओव्हरहेड, म्हणजे वीज, जागा, प्रशासन यांच्यापोटी जो वाटा विद्यापीठाकडे येतो आणि त्यातला काही भाग विभागाला परत मिळतो, तो त्याच विभागाला. वार्षिक अहवालात प्रकल्प त्याच विभागाच्या नावावर. दुसऱ्या विभागाने प्रयोगशाळा दिली, विद्यार्थी दिला, एका प्राध्यापकाची दोन वर्षं दिली. अहवालात शून्य.

आता तो दुसरा विभागप्रमुख पुढच्या वेळी "आमच्या माणसांना वेळ नाही" म्हणाला तर लोक म्हणतात संकुचित मनाचा आहे. मला तो फक्त हिशेब कळणारा माणूस वाटतो.

उपाय काही फार मोठा नाही. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी दोन्ही विभागांची टक्केवारी लिहून घ्या, बेरीज शंभर. श्रेयाची टक्केवारी वेगळी, पैशाची वेगळी, कारण दोन्ही नेहमी सारख्या नसतात. आणि हे प्रस्ताव पाठवतानाच. अनुदान मंजूर झाल्यावर टक्केवारी ठरवायला बसलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांतली काही अजून बसलेलीच आहेत.

तुमच्या ध्वनीच्या अभ्यासक्रमाचं दुखणंही हेच. दोघी प्रत्येक तासाला वर्गात असाल तर पहिली दोन वर्षं दोघींना पूर्ण तास द्यावेत. विद्यापीठाला जास्तीचा खर्च पडतो, पण तो मोजता येतो आणि केंद्राच्या संचालकापेक्षा खूप स्वस्त पडतो.

उभा_आडवा

पीएच.डी.चं शेवटचं वर्ष. मार्गदर्शक दोन, विभाग दोन. खतावणी काका, तुमच्या रकान्यात मी कुठे बसतो कोण जाणे.

पहिल्या वर्षी दोन्ही विभागांची पूर्वतयारीची सत्रं सक्तीची, म्हणून दुप्पट अभ्यासक्रम केला. आंवि म्हणजे अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं असं मला वाटलं होतं. नियमांत ते पूर्ण अधिक पूर्ण निघालं. तिसरं प्रकरण दोनदा लिहिलं. एका सरांना आधी सिद्धांत हवा, दुसऱ्या मॅडमना आधी पुरावा. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि दोघं एकमेकांशी थेट बोलत नव्हते. निरोप्या मी.

सगळ्यात भारी गोष्ट परीक्षकांची. माझ्या आधीच्या सीनियरचा प्रबंध दोन परीक्षकांकडे गेला, एकेक विद्याशाखेतून एकेक. दोन्ही अहवाल मी वाचलेत. प्रत्येकाला दुसऱ्याच्या विषयाचा भाग "उत्तम आणि मौलिक" वाटला होता, आणि स्वतःच्या विषयाचा भाग "तोकडा". बिचारीला दोन्ही भाग वाढवावे लागले.

सरासरीचा_मार

उभा_आडवा, हसू आलं आणि वाईटही वाटलं.

मी संख्याशास्त्राचा. धाग्याला थोडं थंड पाणी घालतो. 'आंवि' नावाखाली आमच्याकडे जे येतं त्यातलं बरंचसं असं असतं: डेटा गोळा झालाय, सहा महिन्यांत प्रबंध द्यायचाय, "जरा टेस्ट लावून द्या ना सर." आमचे थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ साली म्हणाले होते की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला घेणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. प्रयोग कशाने मेला एवढं तो कदाचित सांगू शकेल.

यात सहकार्य कसलं? हे सेवाकेंद्र झालं. लष्करच्या भाकऱ्या भाजायला माझी ना नाही, पण त्याला संशोधन म्हणू नका, आणि निबंधात चौथं नाव टाकून मला उपकृत करू नका. पायरीताई, आराखड्यात एक ओळ घाला: दुसऱ्या विभागाचा माणूस प्रश्न ठरवताना खोलीत होता की नाही? नसेल तर तो प्रकल्प आंवि नाही.

जुने_खोड

निवृत्त विभागप्रमुख, वनस्पतीशास्त्र. त्यामुळे माझ्याकडून काय येणार हे ओळखलंच असेल.

विभाग म्हणजे कुंपण, विभाग म्हणजे सरंजामशाही, हे ऐकून कान किटले. विभाग आधी एक साधं काम करतो. या माणसाला हा विषय खरंच येतो का, हे ठरवतो. ते काम दुसरं कोणीही करत नाही. चार विषयांचे चार चमचे घेतलेला विद्यार्थी मुलाखतीला येतो, तेव्हा एक ना धड भाराभर चिंध्या म्हणजे काय ते कळतं.

हार्वर्डमध्ये १९४६ साली समाजशास्त्र, सामाजिक मानववंशशास्त्र आणि मानसशास्त्राचा काही भाग एकत्र करून 'सोशल रिलेशन्स' असा विभाग काढला होता. टॅल्कट पार्सन्ससारखा मोठा समाजशास्त्रज्ञ मागे होता, उत्साह होता. १९७२ पर्यंत तो विभाग संपला आणि जो तो आपापल्या घरी परतला.

आणखी एक. ब्रायन उझी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात १.७९ कोटी शोधनिबंधांचा अभ्यास छापला. कोणत्या नियतकालिकांचे संदर्भ एकत्र येतात ते त्यांनी पाहिलं. सर्वाधिक उद्धृत होणारे निबंध बहुतांशी अगदी रूढ पायावर उभे होते, त्यात अनपेक्षित जोड्या थोड्याच, पण होत्या. म्हणजे नव्वद भाग परंपरा आणि चिमूटभर वेडेपणा. नव्वदवर उगाच कोणी भांडू नये, तो आकडा माझा, त्यांचा नाही. पण ती परंपरा विभागातच शिकवली जाते ना?

शब्दवेध

जुने_खोड सर, तुमच्या उदाहरणाचं शेपूट राहिलं. त्याच 'सोशल रिलेशन्स'मधून क्लिफर्ड गिर्ट्झ, पुढचे नामवंत मानववंशशास्त्रज्ञ, पीएच.डी. होऊन बाहेर पडले. विभाग बंद पडला, माणसं उरली. पंचवीस वर्षं चालून बंद पडणं म्हणजे अपयश, असं मला वाटत नाही. किती विभागांनी मागच्या पंचवीस वर्षांत एक गिर्ट्झ दिला?

पण मूळ मुद्द्यावर तुमच्याशी अर्धी सहमत. वरवरची ओळख म्हणजे आंवि नव्हे.

मी भाषाविज्ञानाची, म्हणून मला भाषेचाच अडथळा दिसतो. पीटर गॅलिसन यांनी भौतिकशास्त्राच्या इतिहासावर लिहिताना 'ट्रेडिंग झोन' ही कल्पना १९९७च्या पुस्तकात मांडली. दोन जमाती एकमेकींची भाषा पूर्ण शिकत नाहीत, बाजारापुरती एक तोडकीमोडकी बोली तयार करतात, तसंच सिद्धांतवाले, प्रयोगवाले आणि अभियंते करतात. ती बोली पुढे कधी कधी स्वतंत्र भाषा होते. आता ही बोली तयार व्हायला काय लागतं? वेळ. अनुदानाच्या प्रस्तावात "पहिले सहा महिने आम्ही एकमेकांचे शब्द समजून घेऊ" असं लिहून पाहा, काय उत्तर येतं ते.

आमच्या एका प्रकल्पात संगणकवाले आणि इतिहासवाले एकत्र होते. चार महिने 'बायस' (एका बाजूचा कल) या शब्दावर गैरसमज चालला. संगणकवाल्यांना तो मोजून कमी करायचा होता. इतिहासवाल्यांना तोच अभ्यासायचा होता, कारण दप्तर कोणी आणि का तसं लिहिलं हाच त्यांचा प्रश्न. मग आम्ही एक सामायिक शब्दसूची केली. प्रत्येक शब्दासमोर दोन अर्थ, दोन रकाने. 'मॉडेल', 'सिग्निफिकंट', 'थिअरी', 'सोर्स'. प्रकल्पातून जे काही निघालं त्यात मला ती सूची सर्वांत मोलाची वाटते, आणि ती कुठल्याही अहवालात नाही.

इमारतीबद्दलही. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाची 'बिल्डिंग २०' आठवतेय? १९४३ साली रडारच्या संशोधनासाठी घाईने उभी केलेली लाकडी इमारत, युद्ध संपल्यावर पाडायची होती, १९९८ पर्यंत टिकली. भाषावैज्ञानिक आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले एकाच छपराखाली. नोम चॉम्स्की, मॉरिस हॅले तिथलेच. थॉमस अ‍ॅलन यांनी १९७०च्या दशकात अभियंत्यांचं बोलणं मोजलं होतं. बसायच्या जागांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं आणि पन्नासेक मीटरपुढे जवळपास नाहीसंच होतं. तेव्हा खोल्यांचा विचार करा.

जुने_खोड

बिल्डिंग २०चं उदाहरण सगळे देतात आणि मग नवी काचेची इमारत मागतात! तिथली गंमत अशी होती की ती इमारत कोणाचीच नव्हती. भिंतीला भोक पाडायला कोणाची परवानगी लागत नव्हती. तुमच्या नव्या केंद्रात खिळा ठोकायला तीन सह्या लागतील.

गिर्ट्झचा मुद्दा मान्य. थोडा.

मधली_पायरी

सर, "कोणाचीच नव्हती" हे मी टिपून घेतलं. समितीत एक सदस्य इमारतीसाठी अडून बसलेत, त्यांना ऐकवते.

सरासरीचा_मार, तुमची ओळ घालतेय.

कपाटवाली

ग्रंथपाल आहे. आमच्याकडे कोणी विचारायला येत नाही, म्हणून स्वतःहून.

कोण काय वाचतं हे आम्हाला दिसतं. भूगर्भशास्त्राचे एक सर आणि पुरातत्त्वाच्या एक बाई वर्षभर तीच तीन पुस्तकं आलटून पालटून मागवत होत्या. एकमेकांना ओळखत नव्हत्या. मी दोघांनाही विचारलं, नाव सांगितलं तर चालेल का, आणि भेट घालून दिली. पुढे त्यांचा प्रकल्प झाला. खर्च शून्य.

पण मला लिहायचं होतं ते नियतकालिकांच्या यादीबद्दल. पदोन्नतीसाठी विभागाला मान्य असलेल्या नियतकालिकांची यादी असते. डॅनियल कानेमान आणि आमोस त्वेर्स्की हे दोघं मानसशास्त्रज्ञ. त्यांचा १९७९चा गाजलेला निबंध 'इकॉनोमेट्रिका'त, म्हणजे अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आला. पुढे २००२ साली कानेमानना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या एखाद्या मानसशास्त्र विभागाच्या यादीत ते नियतकालिक नसेल, तर त्या निबंधाला गुण किती? हा प्रश्न मी एका बैठकीत विचारला होता. शांतता.

नावांच्या क्रमाचंही तेच. गणित-अर्थशास्त्रात नावं बहुधा वर्णक्रमाने. जीवशास्त्रात शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं, म्हणजे मानाचं. मानव्यविद्यांत तर दोन लेखक दिसले की "यात तुमचं किती?" ही शंका. एकच निबंध तीन समित्यांपुढे तीन वेगळ्या गोष्टी सांगतो. यावर 'क्रेडिट' नावाची वर्गवारी आहे, १४ भूमिकांची. संकल्पना कोणाची, पद्धत कोणाची, डेटा कोणी सांभाळला, सॉफ्टवेअर कोणी लिहिलं, मसुदा कोणाचा, असं प्रत्येक नावापुढे नोंदवायचं. अनेक प्रकाशक ती मागतात. विद्यापीठाने पदोन्नतीच्या अर्जात तेवढीच मागितली तरी सरासरीचा_मार यांचं चौथं नाव बोलकं होईल.

टिंबटिंब

आणि आपले दामोदर धर्मानंद कोसंबी? गणिती माणूस. १९४४ साली गुणसूत्रावरची जनुकांमधली अंतरं काढण्याचं सूत्र दिलं, ते आजही जनुकशास्त्रात 'कोसंबी फंक्शन' म्हणून वापरतात. दुसरीकडे प्राचीन नाण्यांची वजनं करत बसले. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, सरासरी वजन घटतं आणि वजनांमधला फरक वाढत जातो, तेव्हा त्यावरून नाण्यांचा काळानुक्रम लावायचा. शिवाय संस्कृत, शिवाय इतिहास. त्यांना कोणत्या केंद्राची गरज पडली?

सरासरीचा_मार

टिंबटिंब, कोसंबी हा युक्तिवाद नसतो, कोसंबी हा अपवाद असतो. एकाच डोक्यात चार विभाग असले की संयुक्त नेमणुकीचा प्रश्न येत नाही. नियम आपल्यासारख्यांसाठी करायचे असतात.

(नाण्यांची पद्धत मात्र मी दरवर्षी वर्गात शिकवतो. व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, काय असतो हे त्याहून चांगलं कशानेच कळत नाही.)

दोन_उंबरे

संयुक्त नेमणुकीचा विषय निघालाच आहे तर लिहिते. मी तीच. निम्मी इथे, निम्मी तिथे.

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी. बैठका दोन विभागांच्या, प्रवेश समित्या दोन, परीक्षेच्या जबाबदाऱ्या दोन. पन्नास टक्के अधिक पन्नास टक्के म्हणजे प्रत्यक्षात दीडशे. आणि पदोन्नतीच्या वेळी दोघंही म्हणतात, "तिकडचं मत काय आहे ते आधी कळू दे." नऊ महिने फाइल दोन उंबऱ्यांच्या मध्ये पडून होती.

नंतर मला एका ज्येष्ठ बाईंनी शहाणपण दिलं, ते नेमणुकीआधी मिळायला हवं होतं. रुजू होण्यापूर्वी दोन्ही विभागप्रमुख आणि अधिष्ठात्यांच्या सहीचं एक कागदपत्र हवं. मूल्यमापन कोणता विभाग करणार, दुसऱ्याचं मत कोणत्या टप्प्यावर आणि किती दिवसांत घेणार, बैठका आणि समित्या फक्त एकीकडच्या, बाहेरचे परीक्षक कोणत्या विषयांतले. एक पान पुरतं. विभागप्रमुख दर तीन वर्षांनी बदलतात आणि तोंडी आश्वासनं त्यांच्याबरोबर निवृत्त होतात, म्हणून कागद.

तरुणांना एवढंच सांगेन, कागद हातात आल्याशिवाय हो म्हणू नका. मी म्हटलं होतं.

उभा_आडवा

दोन_उंबरे मॅडम, असं एक पान पीएच.डी.लाही पाहिजे. दोन्ही मार्गदर्शकांनी महिन्यातून एकदा एकत्र भेटायचं, तेही विद्यार्थ्यासमोर. कोणत्या विभागाची सत्रं माफ. आणि परीक्षकांत एक तरी असा, ज्याने स्वतः दोन विषयांत काम केलंय. त्याला पत्रातच कळवायचं की हा प्रबंध कशासाठी तपासायचा आहे.

खतावणी

परत आलो. पैशाचं एक राहिलं होतं.

मोठं अनुदान बाहेरून आणा, मग आंवि करा, असं वरचे म्हणतात. बाहेर काय होतं पाहा. लिंडेल ब्रॉमहॅम आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली 'नेचर'मध्ये ऑस्ट्रेलियन रिसर्च काउन्सिलकडे पाच वर्षांत आलेले १८,४७६ प्रस्ताव तपासून छापलं. प्रस्ताव जितका जास्त आंवि, तितकी अनुदान मिळण्याची शक्यता कमी. समीक्षक एका विषयाचा असतो, परकी बाजू त्याला कच्ची वाटते. उभा_आडवा यांच्या परीक्षकांचीच मोठी आवृत्ती.

म्हणून तुमचा तो थोडा, एकदाच मिळणारा पैसा इमारतीत घालू नका. छोट्या छोट्या रकमा करा, दोन वेगवेगळ्या विभागांतल्या माणसांनी एक पानी अर्ज द्यायचा, निर्णय महिन्याच्या आत. प्राथमिक काम हातात असलं की बाहेरच्या समीक्षकाला विश्वास वाटतो. काही बुडतील. बुडू द्या. लेखापरीक्षणाच्या उत्तराचा मसुदा मी लिहून देतो, तो माझा धंदाच आहे.

शब्दवेध

खतावणींना दंडवत. आणि अर्जात "शब्द समजून घेण्याचा" खर्च मान्य करा, म्हणजे एका माणसाला एका सत्राची शिकवण्यातून सूट देऊन दुसऱ्या विभागात विद्यार्थ्यासारखं बसू द्या. मी एकदा बसले होते. पहिल्या चाचणीत नापास झाले, त्यानंतर त्या विभागाचे लोक माझ्याशी नीट बोलू लागले.

अर्धविराम

नापास प्राध्यापकांसाठी वेगळं केंद्र काढावं काय?

मधली_पायरी

मंडळी, धागा वर काढतेय. पाच आठवडे झाले.

मसुदा दिला. मागण्या चार. प्रणालीत विभागाचे दोन रकाने आणि टक्केवारी. एकत्र शिकवणाऱ्यांना पहिली दोन वर्षं पूर्ण तास. संयुक्त नेमणूक आणि संयुक्त मार्गदर्शन दोन्हींसाठी सहीचं एक पान. आणि छोट्या रकमांचा निधी, ज्यात शिकवण्यातून सूटही बसते. सरासरीचा_मार यांची ओळ अर्जातला पहिला प्रश्न झाली. १४ भूमिकांची मागणी पदोन्नतीच्या नियमांत घालायला विद्या परिषद लागेल, ते पुढच्या वर्षावर गेलं. परीक्षकांच्या मुद्द्यावर परीक्षा विभागाने "विचाराधीन" असं लिहिलंय, म्हणजे ते घोंगडं भिजत पडणार.

इमारतवाले सदस्य रागावले, पण "खिळा ठोकायला तीन सह्या" ऐकल्यावर हसले आणि गप्प बसले. केंद्र वगळलं. वरून लगेच प्रश्न आला : "मग उद्घाटन कशाचं करायचं?" याचं उत्तर आमच्याकडे नाही.

दोन रकान्यांचं मात्र अडलंय. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, बदल पुढच्या आर्थिक वर्षात. तोवर वित्त विभागातल्या एका बाई स्वतंत्र तक्ता हाताने ठेवायला तयार झाल्यात. खतावणी, तुमच्या जातीची माणसं सगळीकडे असतात असं दिसतंय.

मैत्रिणीला फोन केला, ध्वनीचा अभ्यासक्रम परत काढू या का विचारलं. ती म्हणाली, तास किती भरतील ते लेखी दे, मग बोलू.

दोन_उंबरे, ते एक पान कसं लिहिलंत त्याचा नमुना असेल तर नावं खोडून व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? विधी विभागाने स्वतःचा मसुदा पाठवलाय, तो अकरा पानांचा आहे.